कोणी, कोणाला

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला तिने सवयीने "आहे" म्हटलं आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की जे आहे म्हटलं ते तिथे असणं शक्यच नव्हतं. कामाची रीत अशी, की समोरच्या वाचकाने चिठ्ठी मोठ्याने वाचायची, अगदी स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि तिने पुढ्यातल्या जाड ग्रंथावर बोट ठेवून ते वाक्य सापडलं तर "आहे" म्हणायचं, नाही सापडलं तर "नाही". आहे म्हटलेली चिठ्ठी उजवीकडच्या लाकडी ट्रेमध्ये, नाही म्हटलेली खाली पत्र्याच्या डब्यात. बारा वर्षं हेच. धर्मग्रंथातल्या ग्रीक शब्दांचा कोश करणारं ते कार्यालय चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर होतं. बारा वर्षांत कोश पाचव्या अक्षराच्या मध्यावर पोचला होता, आणि या चालीने शेवटचं अक्षर बघायला आपल्यातलं कोणी उरणार नाही, हा तिथला रोजचा विनोद होता. वाचकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल, म्हणून सगळे त्याला खर्ज म्हणत. त्या आवाजात सगळी वाक्यं सारखीच लागत, शाप काय आणि आशीर्वाद काय. म्हणूनच तिचा कान एकीकडे आणि मन दुसरीकडे असं वर्षानुवर्षं सुखाने चाललं होतं.

"शब्द, एन्टोले," खर्जाने वाचलं होतं. "अर्थ, आज्ञा. वाक्य: धाकटीला दारातून आत घेऊ नकोस, पूर्णविराम. कोणाला: थोरलीला. कोणी: रिकामं."

"आहे," ती म्हणाली होती.

चिठ्ठी ट्रेमध्ये गेली. खर्जाने पुढची उचलली, थांबला, ती खाली ठेवून आधीची पुन्हा काढली आणि नाकाशी नेली.

"कुठे आहे?"

"काय?"

"ही धाकटी. अहो बाई, तीस वर्षं मी या ग्रंथात राहतोय. मला कशी भेटली नाही ती?"

"बघू." तिने हात पुढे केला. चिठ्ठ्या लिहिण्यातही तिचा हात असे, आणि हे अक्षर तिचंच होतं. तिच्या गाठी मारल्यासारख्या मात्रा, तिचा पोट सुटलेला "ध". "नमुन्याची असेल. नवीन मुलींना शिकवायला काढलेली."

"नवीन मुली? इथे?" खर्ज हसला, म्हणजे टेबल किंचित हललं. "इथल्या शेवटच्या नवीन मुली आपण दोघंच, बाई."

तीही हसली, चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि पुढच्या दीडशे चिठ्ठ्यांना आहे, आहे, नाही, आहे म्हणत राहिली. पण आता प्रत्येक वेळी बोट ओळीवर टेकवून, नीट बघून, जसं अंधारात पायरी आहे की नाही ते आधी पायाने चाचपावं तसं. तिला थोरली म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आई, आणि ते दोन महिन्यांपूर्वी गेलं होतं. आणि धाकटी बहीण, जिचं गेल्या सहा महिन्यांत तोंड बघितलं नव्हतं, म्हणजे स्मशानात लांबून दिसली तेवढीच, तिचा परवाच फोन आला होता. नवऱ्याची बदली झालीय, लांब, समुद्रापलीकडे. सोमवारी निघतोय. शनिवारी चार वाजता येते. मग थोडं थांबून, "आत घेतलंस तर येईन. नाहीतर जिन्यातूनच जाईन." थोरलीने त्यावर काय म्हटलं होतं? बरं, असं म्हटलं होतं. "बरं" हा शब्द कोशात घ्यायचा झाला तर त्याला पाच पानं लागतील.

ती "कोणी, कोणाला" ही ओळ फक्त याच शब्दाच्या चिठ्ठ्यांवर होती, आणि ती संपादकांची करणी होती. संपादकांना पाठीमागे सगळे आजोबा म्हणत, समोर सर. ऐकू कमी येत असल्यामुळे ते नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर देत, पण बऱ्याचदा ते उत्तर कामाला येई. एन्टोले आला त्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं की आज्ञा लिहून मोकळे होऊ नका. त्या ग्रंथात नियमशास्त्राला वेगळा शब्द आहे, तो सगळ्या कायद्याला मिळून. हा शब्द त्यातल्या एकेका सांगण्याला. आणि नुसत्या देवाच्याच नाही. बाप मुलाला सांगतो तेही एन्टोले, आणि पकडायचा माणूस कुठे लपलाय हे ज्याला ठाऊक असेल त्याने येऊन कळवावं असा हुकूम पुजारी काढतात, तोही एन्टोलेच. दगडावर कोरलेलंसुद्धा आधी कोणीतरी कोणालातरी सांगितलेलं असतं. ते तोंड शोधा, तो कान शोधा, मग अर्थ लिहा. खर्जाने तेव्हा मुद्दाम एक चिठ्ठी पुढे केली होती. एका पत्राच्या शेवटी लिहिणारा म्हणतो, अमक्याबद्दल तुम्हाला आज्ञा मिळाल्याच आहेत, तो आला तर त्याला घरात घ्या. "सर, इथे आज्ञा कोणी दिल्या ते पत्रात नाहीच. काय लिहू?" आजोबांना बहुतेक ऐकूच गेलं नसावं, ते खिडकीतून खाली चष्म्याच्या पाटीवरचे दोन मोठे डोळे बघत होते. पण म्हणाले, "पुरावा नसेल तर रिकामं ठेवायचं. आपल्या मनाने कोणाचं तोंड लावायचं नाही. ते पाप आहे. निदान या कार्यालयात."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर तिने एन्टोलेचा खण पूर्ण बाहेर काढला आणि मांडीवर घेऊन एकेक चिठ्ठी चाळली. अजून नऊ निघाल्या. खिडकी लाव, वारा लागतोय. नळ गळतोय बघ. माझ्याकडे पाठ करून बसू नकोस. कुशीवर वळव. दिवा राहू दे. सगळ्या तिच्या अक्षरात, सगळ्या थोरलीला, आणि कोणी या ओळीपुढे सगळीकडे स्वच्छ लिहिलेलं, आई. तिला एकही लिहिल्याचं आठवेना. आठवत नाही म्हणजे कसं, तर विसरलेली गोष्ट आठवायला गेलं की तिथे निदान खाच तरी लागते, इथे खाचही नव्हती, गुळगुळीत होतं. आईच्या आजारपणात आठ महिने ती चिठ्ठ्या घरी नेऊन उशाशी बसून लिहायची, तेव्हाच्या असतील असं तिने स्वतःला समजावलं. पण शाई हिरवी होती. हिरव्या शाईची बाटली आजोबांनी गेल्या महिन्यात फोडली, निळी संपली म्हणून कुरकुरत. म्हणजे आई गेल्यानंतरच्या. म्हणजे इथे, या टेबलावर, खर्ज समोर बसून पूर्णविराम पूर्णविराम करत असताना, भर दिवसा तिचा हात कोणाचं तरी सांगणं उतरवून घेत होता. तिने हात समोर धरून पाहिला. साधा हात, अंगठ्याला शाई. आणि तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले आणि तिच्या देखत दोन्ही हात मांडीवरून वर उचलले गेले, तळवे वर, बोटं किंचित वाकलेली. एका खांद्याखाली आणि एका कमरेखाली घालून वळवायला. दर दोन तासांनी कूस. हातांखाली काही नव्हतं, तरी त्यांना वजन लागलं. तिला ते वजन स्पष्ट जाणवलं, शेवटी शेवटी हलकं झालेलं, पोकळ, सुकलेल्या भोपळ्यासारखं. तिने मुकाट्याने ते वजन डाव्या कुशीवर वळवलं, कारण अर्ध्यावर सोडून कसं देणार, आणि मगच हात खाली घेतले.

खर्ज जिन्यातून वर आला तेव्हा तिने खण जागेवर सरकवला होता. "बाई, बरं नाही का? चेहरा कागदासारखा झालाय."

"उन्हाने."

"ऊन कुठंय?" तो खिडकीकडे बघत म्हणाला. खिडकी लावलेली होती. सकाळी ती उघडी होती. कोणी लावली हे तिने विचारलं नाही, कारण तिचीच बोटं कडीच्या गंजाने तांबूस झालेली तिला दिसली.

घरी जाताना ती बसमध्ये उभी राहिली, बसायला जागा असून. विचार करायला तिला उभंच राहावं लागे. एक गोष्ट तिला कुसळासारखी टोचत होती. आई ते आठ महिने बोलतच नव्हती. झटका आला त्या दिवशी उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. राहिले ते डोळे आणि डावा हात. म्हणजे खिडकी लाव, नळ बघ, हे आईने कधी तोंडाने सांगितलंच नव्हतं. सगळं थोरलीने डोळ्यांतून वाचून घेतलं होतं, आणि चुकत नव्हती ती. डॉक्टरसुद्धा तिला विचारत, काय म्हणतायत त्या? आणि ती सांगे, दुखतंय म्हणते पण उगाच मोठं करू नका म्हणते. आणि आईचे डोळे मिटत, हो म्हणून. त्यामुळे त्या नऊ चिठ्ठ्यांवर आई असं लिहायला तिच्या हाताची हरकत नव्हती. पुरावा होता. मग पर्समधल्या त्या दहाव्या चिठ्ठीवर हात का थांबला? बारा वर्षांची शिस्त लागलेला हात. तो झोपेत लिहील, भुताने धरला तरी लिहील, पण पुराव्याशिवाय रकाना भरणार नाही. मालकिणीपेक्षा हात प्रामाणिक निघाला, असं तिच्या मनात आलं आणि तिला बसमध्ये एकटीलाच हसू फुटलं. शेजारच्या बाईने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

मग हसू गेलं आणि ती दुपार आली. खरं तर ती कुठे गेलीच नव्हती, दाराआड उभी असल्यासारखी होती. रविवार होता. त्याच्या आदल्या रविवारी धाकटी आली होती, नेहमीसारखी उशिरा, नेहमीसारखी धापा टाकत, आणि पलंगाच्या कडेवर बसून तिने आपल्या शेजारणीची नक्कल केली होती. शेजारीण टेलिफोनवर नवऱ्याला कशी झापते आणि मधेच दूधवाल्याशी कसं गोड बोलते. आणि आई हसली होती. अर्ध्या तोंडाने, वाकडं, लाळ गळत, पण हसली होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. थोरली दारात औषधाचा चमचा घेऊन उभी होती. चार महिने कुशी बदलल्या, चार महिने नखं कापली, केस विंचरले, चादरी धुतल्या, त्या चार महिन्यांत आई तिच्याकडे बघून एकदाही हसली नव्हती. हसायचं कशाला म्हणा, चमच्याकडे बघून कोण हसतं. धाकटी गेली आणि पुढचे तीन दिवस आई दाराकडे बघत राहिली. मधे थोरली येऊन उभी राहिली तरी नजर हटायची नाही, तिच्यातून आरपार जाऊन दाराला टेकायची. त्या तीन दिवसांत थोरलीला पहिल्यांदा वाटलं की आपण या खोलीत नाही. तिने एकदा मुद्दाम भांडं पाडलं. आईच्या पापण्या हलल्या, नजर हलली नाही.

म्हणून पुढच्या रविवारी, जिन्यात तो धापा टाकणारा आवाज आला तेव्हा, तिने दार वीतभर उघडलं आणि त्या फटीत स्वतः उभी राहिली. धाकटीच्या हातात संत्र्यांची पिशवी होती. "सरक ना ताई, हात तुटले माझे."

"आई म्हणते, येऊ नकोस."

"काय?"

"त्रास होतो तिला तू आलीस की. दोन दोन दिवस झोप नाही. तिनेच सांगितलं, धाकटीला आत घेऊ नकोस."

धाकटीने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं होतं. पलंग तिथून दिसायचा. किती वेळ पाहिलं कोण जाणे. मग पिशवी पायरीवर ठेवली, पाय न वाजवता गेली, आणि परत आली नाही. त्या संत्र्यांचा रस थोरलीने चार दिवस आईला चमच्या-चमच्याने पाजला, कोणी आणली ते न सांगता.

आता बस वळणावर कलली, तिने वरचा दांडा घट्ट धरला, आणि त्या दुपारचा तो भाग, जो तिने इतके महिने बघितला नव्हता, डोळ्यांपुढे आला. धाकटी जिना उतरून गेल्यावर ती वळली होती आणि पलंगाकडे गेली होती, आईच्या डोळ्यांत काय आहे ते वाचायला. आई झोपलेली होती. दुपारभर झोपलेली होती. तोंड किंचित उघडं, डावा हात छातीवर. वाचण्यासारखं तिथे काहीही नव्हतं.

शनिवारी कार्यालय अर्धा दिवस. ती घरी आली, हात धुतले, खोली झाडली, झाडलेलीच पुन्हा झाडली. रिकाम्या पलंगावरची गादी गुंडाळून भिंतीला लावलेली होती, वाकून बसलेल्या माणसासारखी, म्हणून तिने ती उलगडून पसरली. पसरल्यावर वाट पाहणाऱ्या पलंगासारखी दिसायला लागली, म्हणून पुन्हा गुंडाळली. साडेतीनला चहाचं पाणी ठेवलं आणि उतरवलं. घरात इतकी शांतता होती की शांतता ऐकू येत होती, कोणीतरी श्वास रोखून धरल्यासारखी. ती स्वतःला सांगत होती की आता सोपं आहे. आईने सांगितलंच नव्हतं, म्हणजे मोडायचंही काही नाही. पण चार वाजता जिन्यात धापा टाकण्याचा आवाज आला, दारावर दोनदा टकटक झाली, आणि तिचा हात कडीपर्यंत जाऊन थांबला. तिथेच राहिला. आई सांगती तर आईला विनवता आलं असतं. बास आता ग आई, येऊ दे तिला, सोमवारी चाललीय. डोळ्यांतून उत्तर आलं असतं, मिटले असते ते, हो म्हणून. पण जे कोणीच सांगितलं नाही ते मागे कोण घेणार? ते तसंच फिरत राहणार घरात, नळातून, खिडकीतून, हातांतून. तोंड नसलेलं, म्हणून न थकणारं. बाहेर पुन्हा टकटक झाली नाही. पायांची चुळबुळ ऐकू आली. मग एक पायरी उतरल्याचा आवाज. मग दुसरी.

"मी सांगितलं होतं," ती बंद दाराला म्हणाली. बाहेर तिसरी पायरी उतरल्याचा आवाज आला. तिने पुन्हा, मोठ्याने म्हटलं, आजोबांनाही ऐकू गेलं असतं एवढ्याने. "आईने नाही. मी!" आणि कडी निघाली. कशी निघाली ते तिला कळलं नाही.

धाकटी तिसऱ्या पायरीवर होती. बारीक झाली होती. कानशिलाशी केस पिकले होते, आणि मान वर करून बघण्याची ढब थेट आईची आली होती. कधी आली ही, थोरलीला वाटलं, आपण बघत नसताना?

"ये," ती म्हणाली. धाकटी आली. आत येऊन पलंगाकडे न बघता खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर. थोरलीने चहा केला, दोन कप भरले, टेबलावर ठेवले आणि उभ्याउभ्याच बोलायला लागली, कारण बसली असती तर जमलं नसतं. त्या दिवशी आई झोपलेली होती. आई असं काही म्हणाली नाही. म्हणूच शकत नव्हती. ते मी केलं. तुझ्याकडे बघून हसली म्हणून केलं. एवढंच. एवढ्यासाठी तुझी आई मी चार महिने...

"ठाऊक आहे," धाकटी म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"ती झोपलेली होती ते. दिसत होती ना मला तुझ्या खांद्यावरून. घोरत होती बारीक." ती किंचित हसली. "आणि झोपली नसती तरी. बोलता येत नव्हतं तिला हे काय मला कळत नव्हतं, ताई? मी काय एवढी ढ आहे?"

थोरलीने खुर्चीची पाठ धरली. "मग ढकलायचंस मला. ओरडायचंस. शेजारीपाजारी गोळा करायचेस. परत का गेलीस?"

धाकटीने हा प्रश्न कधी स्वतःला विचारलेलाच नसावा, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"तू सांगितलंस म्हणून," ती म्हणाली. "दुसरं काय? लहानपणापासून मी आणखी कोणाचं ऐकलंय? आईचं? आईचं मी कधीच ऐकलं नाही, विचार कोणालाही. तू म्हणालीस पाण्यात उतरू नकोस, नाही उतरले. तू म्हणालीस याच्याशी लग्न कर, चांगला आहे, केलं. तू म्हणालीस येऊ नकोस." तिने खांदे उडवले. "रोज चार वाजता कोपऱ्यापर्यंत यायचे मी. खिडकी दिसायची. मग जायचे."

खाली रस्त्यावर कोणीतरी कोणालातरी हाक मारली. थोरलीच्या तोंडात तीन शब्द येऊन थांबले होते, सोमवारी जाऊ नकोस. आणि तिला एकदम कळलं की ते बाहेर पडले तर ही जाणार नाही. नवरा, सामान, तिकिटं, सगळं टाकून इथे या खुर्चीच्या कडेवर बसून राहील. तिने ओठ मिटले, दात मिटले, जीभ टाळ्याला लावून धरली, भरलेलं भांडं दोन्ही हातांनी तोलून धरावं तशी. धाकटी तिच्या तोंडाकडे बघत होती. राग नव्हता त्या नजरेत, मायाही नव्हती म्हणण्यासारखी. ती नुसती वाट बघत होती, हात मांडीवर, पाठ ताठ, पापणी न हलवता. चहावर साय धरली. धापा टाकत आलेली, तहानेने ओठ सुकलेले, आणि कप हाताशी असून हिने अजून घोटसुद्धा का घेतला नाही, हे थोरलीला आधी कळेचना, आणि मग कळलं.

"घे," ती म्हणाली.

धाकटीने कप उचलला.